माउंट बेकर स्कीवरून: ईस्टन हिमनदीच्या वाटेने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर एप्रिलमध्ये मला हा प्रश्न येतो. "हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, अलंग-मदन-कुलंग झालंय, इथे आल्यापासून दोन सीझन स्कीही करतोय. मेमध्ये बेकर जमेल ना?" विचारणारा बहुतेक वेळा सिएटलजवळच्या रेडमंड-बॉथेलकडचा, तिशीतला, शनिवार-रविवार मोकळा आणि दमछाकीला न घाबरणारा. मी उलट एवढंच विचारते: ओल्या, जड, पाय धरून ठेवणाऱ्या बर्फात, पाठीवर दहा किलो आणि मांड्यांत सात तासांची चढण असताना, न पडता तीस वळणं घेता येतात का?

चढायला जमेल हो. त्याची सवय सह्याद्रीने लावलेली असते. पण गडावर चढलेला माणूस कुठल्याही अवस्थेत बसत-घसरत खाली येतो. इथे खाली येताना पायाखाली हिमनदीतल्या भेगा असतात, आणि पडण्याची जागा तुम्ही निवडत नाही.

बेकर हा वॉशिंग्टन राज्याच्या उत्तर टोकाचा जागृत ज्वालामुखी. उंची १०,७८१ फूट, म्हणजे ३,२८६ मीटर. १७९२ मध्ये कॅप्टन व्हँकूवरच्या जहाजावरच्या जोसेफ बेकर नावाच्या अधिकाऱ्याला तो दिसला म्हणून हे नाव. इथल्या मूळ लोकांच्या भाषेतून आलेलं कुलशान हे नावही ऐकू येतं. कॅस्केड रांगेतल्या ज्वालामुखींमध्ये रेनिअरनंतर सगळ्यात जास्त बर्फ याच्याच अंगावर आहे. एक घोटाळा सुरुवातीलाच मिटवते. माउंट बेकर स्की एरिया, जिथे १९९८-९९ च्या हंगामात १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडून जागतिक विक्रम झाला, ती या डोंगरावर नाही, शेजारच्या रांगेवर आहे. बेकरच्या माथ्याकडे कुठलीही लिफ्ट जात नाही.

आधीचा हिवाळा

मे महिन्याची तयारी नोव्हेंबरात सुरू होते. लिफ्टच्या स्की एरियात जा, पण घोटून गुळगुळीत केलेल्या उतारावर रमू नका. कडेचा तुडवलेला बर्फ, पाऊस पडून गेल्यावरचा बर्फ, दुपारी चारचा खरवडलेला बर्फ शोधून त्यावर स्की करा. निळ्या खुणेच्या मध्यम उतारावर डौलात येणारे कितीतरी जण दगडासारख्या कडक झालेल्या बर्फात कोलमडतात. काळ्या खुणेचा अवघड उतार कुठल्याही बर्फात सावकाश, कडेने घसरत, थांबत, पण सुखरूप उतरता आला की पुरे. शैली कोणी बघत नाही.

त्याच हिवाळ्यात हिमस्खलनाचा लेव्हल वन कोर्स करा. तीन दिवसांचा असतो. बीकन, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) ही तीन हत्यारं सगळ्यांकडे असतात; वापरता येणारे कमी. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडतो, आणि कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपले बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचे. गाडलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही, सोबतचा मित्र येतो. म्हणून तुमच्या कोर्सइतकाच त्या मित्राचा कोर्सही महत्त्वाचा.

मग हिमनदीवरून न जाणाऱ्या वाटा. माउंट सेंट हेलेन्सची वर्म फ्लोज वाट उत्तम: ८,३६३ फुटांचा माथा, सुमारे ५,७०० फुटांची चढाई, भेगांची भानगड नाही. वर विवराच्या कडेला बर्फाचं छज्जं लटकलेलं असतं, त्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढायचा नाही. परवाना लागतो. दुसरी वाट रेनिअरवरची, पॅराडाइजपासून दहा हजार फुटांवरच्या कॅम्प म्यूरपर्यंत. निरभ्र दिवशी ती सोपी वाटते. ढग उतरले की जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होतात आणि तुम्ही उभे आहात की सरकताय तेही कळत नाही. हा अनुभव एकदा फोनवरचा नकाशा हातात धरून, मुद्दाम, सोबतीने घ्या. या दोन्ही सहली झाल्यावर पाय बरे असतील तर बेकरकडे बघा.

सामान, आणि त्यातली एक वस्तू

याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे भराभर सांगते. टूरिंगचे, म्हणजे स्कीवरून चढायलाही चालणारे बूट, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी जोडणी) आणि स्की. स्कीला लावायचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, आणि बुटाला लावायचे क्रॅम्पॉन, दोन्ही. आइस ॲक्स, हेल्मेट, हार्नेस. तिघांत मिळून दोर आणि क्रिव्हासमधून, म्हणजे हिमनदीतल्या भेगेतून, माणूस काढायचं सामान. वर सांगितलेली तीन हत्यारं. गडद काळा गॉगल, तीन लिटर पाणी. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा, कारण बर्फ खालून भाजतो. खायला मी गूळ घालून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की नेते. एनर्जी बार थंडीत दगड होतात आणि आठ हजार फुटांवर गोडमिट्ट चव नकोशी होते. दशमी खिशात मऊ राहते.

आता ती वस्तू. टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये बुटाचं पुढचं टोक दोन पिनांमध्ये अडकतं आणि टाच मोकळी राहते, म्हणजे चालता येतं. पण नुसती स्की चढावर मागे घसरेल, म्हणून तिच्या तळाला स्किन चिकटवतात. हा लांब कापडी पट्टा असतो, एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला आखूड केस. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून बघा: एका दिशेने सुळकन जातो, उलटा फिरवला की अडतो. सगळी चढाई या मांजरावर आहे.

माझ्या पहिल्या खेपेला नऊ हजार फुटांच्या खाली आम्ही खायला थांबलो. मी स्किन काढून, गोंदाची बाजू वर करून, बॅगेवर पसरली. वारा आला, दाणेदार बर्फ गोंदावर बसला, आणि स्किन परत चिकटेना. जॅकेटच्या आत पोटाशी धरून ऊब दिली, बर्फ खरवडला, शेवटी रबरी पट्ट्याने स्कीला बांधली. या सगळ्यात पाऊण तास गेला. निघालोही उशिरा होतो. माथ्याखालच्या शेवटच्या चढणीच्या, म्हणजे रोमन वॉलच्या, पायथ्याशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, बर्फाची खीर झाली होती, आणि आम्ही माथा न गाठता वळलो. तेव्हापासून स्किन काढली की गोंदावर गोंद घडी घालून थेट जॅकेटमध्ये, आणि खिशात दोन रबरी पट्टे कायम.

रात्र कशी निवडायची

लोक तारीख विचारतात. मे ते जूनची सुरुवात, हे ढोबळ उत्तर. पण बेकर तारखेवर होत नाही, आदल्या रात्रीवर होतो.

वसंतात वरचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री गोठतो. असं बऱ्याचदा झालं की त्याचे जाड दाणे होतात. सकाळी हे दाणे एकमेकांना चिकटून सिमेंटसारखे असतात. ऊन लागलं की वरचा बोटभर थर सुटतो आणि त्याखालचा घट्ट राहतो. या अवस्थेला इथे कॉर्न म्हणतात, आणि त्यावर स्की म्हणजे लोणी कापल्यासारखी जाते. अजून तासाभराने तोच बर्फ घोट्यापर्यंत मऊ होतो, नंतर नडगीपर्यंत, आणि मग उतारावरून ओल्या बर्फाचे लोट सुटायला लागतात. मधल्या त्या दीड-दोन तासांच्या खिडकीत खाली यायचं, हाच सगळा खेळ.

त्यासाठी रात्री बर्फ गोठला पाहिजे. हवामानाच्या अंदाजात शून्य अंश किती फुटांवर आहे ते बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्र गोधडीसारखी असते, उष्णता धरून ठेवते, आणि अंदाजातला आकडा चांगला असूनही पहाटे पाय भसकन आत जातो. पार्किंगमधून निघाल्यावर पहिल्या शंभर पावलांत बूट बर्फात रुतत असेल तर त्या दिवशी माथ्याचा नाद सोडा. खालच्या कुरणात फिरा, चहा प्या, घरी या.

नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा रोजचा अंदाज हिवाळाभर असतो आणि वसंतात, बेकरचा मुख्य हंगाम सुरू व्हायच्या सुमारास, बंद होतो. मेमध्ये बर्फाचा अंदाज तुमचा तुम्हालाच करावा लागतो. दोन दिवसांत ताजा बर्फ पडला असेल, तर त्यावर पहिलं कडक ऊन पडेल त्या दिवशी ३० अंशांपेक्षा तीव्र उतारावर जाऊ नका.

वाट

सिएटलहून हायवे पाचने बर्लिंग्टन, तिथून वीस नंबरच्या रस्त्याने पूर्वेला, मग बेकर लेक रोड आणि जंगलातले बारा व तेरा नंबरचे रस्ते धरून श्रायबर्स मेडो. पार्किंगला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो. उंची ३,३०० फुटांच्या थोडी वर. मेमध्ये बर्फामुळे रस्ता बऱ्याचदा अलीकडेच बंद असतो आणि ते अंतर चालावं लागतं. निघण्याआधी रेंजर कचेरीत चौकशी करा. पार्किंगपासून माथ्यापर्यंत साधारण ७,४०० फूट चढायचे, म्हणजे बारी गावातून कळसूबाई अडीच वेळा, मध्ये न उतरता.

हे एका दिवसात करणारे पहाटे दोनच्या आसपास निघतात. पहिल्या खेपेला मी तसं सुचवणार नाही. आदल्या दुपारी सामान घेऊन सहा हजार फुटांच्या आसपास तंबू लावा, पहाटे चारला हलक्या बॅगा घेऊन निघा. जड बॅगेने पहिला दिवस कंटाळवाणा जातो, पण दुसऱ्या दिवशी उतरायला पाय शिल्लक राहतात. तंबू लावायच्या आधी त्या जागेवर प्रोबने टोचून बघा. शौचासाठी जाड पिशव्या न्यायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या. पहिल्यांदा सगळे नाक मुरडतात, पण तुम्ही ज्या बर्फाचं पाणी करून पिता त्यावर तुमच्या आधी दोनशे जण राहून गेलेले असतात.

खालचं कुरण सपाट, झाडीचं, ओढ्यांचं. या बाजूला स्नोमोबाइलना परवानगी आहे, त्यामुळे पहिला तास पेट्रोलच्या वासात जातो आणि त्यांच्या चाकोरीतून चढणं आयतं सोपं होतं. मग डाव्या अंगाला लांबलचक सरळ धार दिसते, आगगाडीचा भराव घातल्यासारखी. तिचं नावच रेलरोड ग्रेड. ईस्टन हिमनदी पूर्वी मोठी होती तेव्हा तिने कडेला लोटलेल्या दगडमातीचा हा ढीग आहे. धारेच्या माथ्यावरून खाली बघितलं की हिमनदी किती खचली आणि मागे गेली ते आकड्यांशिवाय कळतं.

सहा हजारांनंतर हिमनदी. इथून नऊ हजारांपर्यंत उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आणि जिथे सपाटी संपून उतार अचानक वाकतो तिथे भेगा. ९,६०० फुटांच्या सुमाराला सडक्या अंड्याचा वास यायला लागतो. उजवीकडे शर्मन विवर आहे. १९७५ मध्ये याची वाफ अचानक वाढली होती, तेव्हा खबरदारी म्हणून खालच्या बेकर लेकची पातळी उतरवली होती. कडेवरून बघा, आत उतरू नका. गरम वाफेने बर्फाखाली पोकळ्या केलेल्या असतात आणि खोलगट जागी वायू साचतो.

शेवटची चढण रोमन वॉल, ३५ अंशांच्या वर. इथे बहुतेक जण स्की पाठीवर बांधून बुटाला क्रॅम्पॉन लावतात. वर गेलं की माथा सापडत नाही म्हणून नवखे गोंधळतात: समोर मोठं सपाट मैदान, आणि खरा माथा म्हणजे त्याच्या पलीकडच्या टोकाचं एक लहानसं उंचवटं.

दोर

१९११ ते १९१३ अशी तीन वर्षं बेलिंगहॅमहून बेकरच्या माथ्यापर्यंत आणि परत अशी शर्यत व्हायची. तिसऱ्या वर्षी एक धावणारा क्रिव्हासमध्ये पडला. तासन्‌तास आत होता, जिवंत निघाला, आणि शर्यत कायमची बंद झाली. क्रिव्हास दिसत नाही, हा त्याचा मुख्य गुण. हिवाळ्याचा बर्फ तिच्यावर पूल बांधतो. मेमध्ये पूल जाड असतात, जूनअखेर पातळ होतात. किंचित खोलगट, लांब, आसपासच्या बर्फापेक्षा जरा करडा पट्टा दिसला की तो पूल समजा, आणि त्याला काटकोनात ओलांडा, त्याच्या लांबीवरून चालू नका.

चढताना तिघांनी एका दोरात जा, दोघांमध्ये साधारण बारा मीटर. दोर बर्फाला नुसता टेकेल इतका ताणलेला हवा. हातात गुंडाळी घेऊन गप्पा मारत जवळजवळ चालणं मी दर वर्षी बघते. त्यात पहिला पडला की दुसरा झटक्याने ओढला जातो. दोघंच असाल तर अंतर वाढवा आणि मध्ये गाठी मारा, त्या भेगेच्या काठावर बर्फात रुततात. खरं तर दोघंच जाऊ नका. पडलेल्याला अडवून धरलेला माणूस एकट्याने अँकर, म्हणजे दोर बांधायचा बर्फातला आधार, खणायला लागतो, तेव्हा त्याचे हात-पाय गळतात.

अँकर स्कीचाच करतात: उताराला आडवा चर खणायचा, त्यात स्की आडवी पुरायची, मधोमध दोरी बांधून ती दुसऱ्या अरुंद चरातून बाहेर काढायची. स्कीची धार दोरी कापते, म्हणून तिथे कापड किंवा पट्टा गुंडाळा. मग तीनास एक कप्पी, म्हणजे ओढायचा जोर तिप्पट करणारी दोराची जुळणी. हे वाचून येत नाही. आम्ही एका मार्चमध्ये चार रविवार बर्फाच्या ढिगाऱ्यावर एकमेकांना ओढत होतो, शेवटच्या रविवारी हातमोजे घालून, डोळे मिटून. पहिल्या खेपेला गाईड घेणार असाल तर आनंदच आहे. सिएटलच्या माउंटेनिअर्स या १९०६ पासूनच्या संस्थेत हे शिकायला मिळतं.

आणि स्की पायातून काढायच्या असतील तर आधी प्रोब. स्की वजन पसरवते, बूट ते एका जागी टाकतो. लघवीला बाजूला जाताना लोक स्की काढतात आणि चार पावलं टाकतात, अपघात तिथे होतो.

खाली येताना

रोमन वॉलचा उतार नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, म्हणून तो खालच्या उतारांपेक्षा उशिरा सुटतो. सकाळी नऊला माथ्यावर पोचलात तर खाली अजून काच असते. थांबा, खा, झोपा. साधारण अकरा ते बारामध्ये निघता आलं तर नशीब चांगलं. बारा वाजले आणि तुम्ही अजून चढताय, तर जिथे आहात तिथून वळा.

निघण्याआधी मी मोठ्याने चार गोष्टी म्हणते, सोबतच्यांनाही म्हणायला लावते: बूट स्कीच्या मोडवर आहे का? टाच अडकली का? पुढच्या टोकाचं कुलूप उघडलं का? हेल्मेटचा पट्टा? कुलूप चढताना लावलेलं असतं, ते तसंच राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. माझ्या ओळखीत दोन गुडघे असेच गेले.

उतरताना दोर बॅगेत, हार्नेस अंगावर. एकेकाने, मध्ये अंतर ठेवून, शक्यतो चढलेल्या वाटेच्या आसपासच. पुढचा थांबला की त्याच्या वरच्या अंगाला थांबा, शेजारी गर्दी करू नका. थांबायचं सपाट, भेगा नसलेल्या ठिकाणी, आणि ती ठिकाणं चढतानाच फोनच्या नकाशावर खूण करून ठेवायची. पाय थरथरायला लागले तर वळणं सोडा, आडवं घसरत या. तंबूपर्यंत आलात की हिमनदी संपली, पण स्की संपली नाही. खालच्या झाडीत, दुपारच्या चिखलासारख्या बर्फात, घरी जायच्या घाईत खूप जण पडतात.

घरी आल्यावर स्किन बॅगेत विसरू नका. उन्हात किंवा हीटरजवळ नको, न्हाणीघरात दोरीवर सावलीत टांगा, वाळल्यावर गोंदावर गोंद घडी घालून थंड जागी ठेवा. गोंदात अडकलेली देवदाराची सुई आणि कुत्र्याचा केस चिमट्याने काढा. रात्री काढलात तर बरं, पुढच्या शुक्रवारी आठवण राहत नाही.